हिरव्या पानांतील अन्ननिर्मिति

पिकाचें सर्व अन्न जमिनींतून येतें, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असते. खत टाकलें कीं पीक वाढतें, यावरून ती दृढही होते. वस्तुतः वाळलेल्या पिकाच्या वजनाचा फार मोठा भाग हवा व पाणी यांपासूनच बनलेला असतो. कडबा जाळल्यावर जी थोडी राख उरते ती, आणि जळून गेलेलें नत्र व गंधक, एवढीच काय ती जमिनीची देणगी. बाकीचें अन्न पान स्वतः तयार करतें.

इ. स. १७७९ मध्यें यान इंगेनहौझ या डच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, वनस्पतींचे हिरवे भाग सूर्यप्रकाशांतच प्राणवायु सोडतात, अंधारांत नाहीं. मुळांनीं शोषलेलें पाणी खोडांतून पानांत चढतें. पानांवर डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. त्यांतून कर्बवायु आंत शिरतो. हवेच्या दहा हजार भागांत हा वायु अवघा चार भाग असतो. पानांतील हरितद्रव्य सूर्याचें तेज पकडतें. त्या बळावर पाण्याचें विघटन होऊन प्राणवायु बाहेर पडतो, आणि पाण्यांतील हायड्रोजन व कर्बवायु यांपासून साखर तयार होते. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. याच साखरेपासून पुढें ज्वारीचा दाणा, सोयाबीनचें तेल, कपाशीची रुई व हळदीचा कंद बनतो.

१९०५ सालीं ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञानें नियम मांडला कीं, या क्रियेस अनेक गोष्टी लागत असल्या तरी ज्या गोष्टीची उणीव सर्वांत अधिक, तीच तिची गति ठरविते. जोडींतील एक बैल कितीही जोमदार असो, गाडी दुसऱ्याच्याच चालीनें जाते.

हिंगोली जिल्ह्यांत ही उणीव ऋतूप्रमाणें बदलते. श्रावणांत आभाळ झांकोळलेलें असतां ओल पुरेशी असते, परंतु प्रकाश तोकडा पडतो. त्यांत सोयाबीन फार दाट पेरलेलें असेल, तर खालचीं पानें सावलींत पिवळीं होऊन गळतात. पावसानें खंड दिला म्हणजे प्रकाश विपुल, परंतु ओल नाहीं. पाणी वांचविण्यासाठीं पीक पर्णरंध्रें मिटून घेतें. पाणी बाहेर जाण्याची व कर्बवायु आंत येण्याची वाट एकच असल्यामुळें लख्ख उन्हांतही अन्ननिर्मिति मंदावते. म्हणून वेळेवर कोळपणी करून ओल राखावी व शेंगा भरतांना शक्य तर पाण्याची एक पाळी द्यावी. कर्बवायु पानांत एकवटून वापरण्याची निराळी रीत ज्वारीस असल्यामुळें ती कडक ऊन व कमी पाणी सोयाबीनपेक्षां अधिक सोसते.

पानांचा रंगही पाहावा. जुनीं पानें आधीं पिवळीं पडल्यास बहुधा नत्राची उणीव असते. कोवळीं पानें पिवळीं व शिरा मात्र हिरव्या दिसल्यास लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या काळ्या जमिनींत लोह असूनही तें मुळांस मिळत नाहीं. अशा वेळीं जाणत्याच्या सल्ल्यानें हिराकशीची फवारणी करावी.

वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या पिकांत पानांचें महत्त्व विशेष आहे. लागवडीनंतर सुमारें पांच महिन्यांनीं कंद भरण्यास जोर येतो, व तें अन्न पानांतूनच खालीं उतरतें. त्या काळांत करप्यानें पानें जळालीं, तर मागाहून टाकलेलें खत ती तूट भरून काढीत नाहीं. तसेंच, पाला आपोआप पिवळा पडून वाळण्यापूर्वीं काढणीची घाई करून तो कापणें म्हणजे कंदाचें अन्न मध्येंच तोडणें होय.

ऊन व ढग आपल्या हातीं नाहींत. पेरणीचें अंतर, जमिनींतील ओल, खताची वेळ व रोगनिवारण हीं मात्र आपल्याच हातीं आहेत. शेतांत फेरी मारतांना पीक किती उंच झालें हें पाहण्यापूर्वीं त्याचीं किती पानें हिरवीं व उन्हांत आहेत, हें शेतकरी बंधूंनीं अवश्य पाहावें.