हॉइकची गेलेली गाडी

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. रेल्वे इंजिनिअरिंगच्या सेमिनारसाठी विषय शोधताना हे गाव सापडलं. स्पेलिंगवरून आठवडाभर मी 'हाविक' म्हणत होते. खरा उच्चार 'हॉइक'! कॉन्व्हेंटचा काय उपयोग?

स्कॉटलंडच्या दक्षिणेला टीव्हिअट नदीच्या खोऱ्यातलं हे गाव लोकरी कपड्यांसाठी प्रसिद्ध. एडिंबरोहून रेल्वे इथे १८४९ साली आली आणि १८६२ मध्ये डोंगर ओलांडून इंग्लंडमधल्या कार्लाईलला पोचली. हाच ९८ मैलांचा 'वेव्हर्ली रूट'. हॉइकच्या पुढे १:७५ चा चढ, म्हणजे ७५ फूट गेल्यावर १ फूट वर. आपल्या बोरघाटात १:३७ आहे, त्यापुढे हे काय, असं मला वाटलं. पण इथे चढ मैलोन् मैल, त्यात वळणं, आणि माथा हजार फुटांवर. खर्च भरपूर आणि वाटेत वस्ती तुरळक.

१९६३ च्या बीचिंग अहवालाने हा मार्ग बंद करायच्या यादीत टाकला. तोटा होताच, ते खोटं नाही. पण गाव तुटल्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

हॉइकच्या मॅज इलियट यांनी ११,६७८ सह्या गोळा करून डिसेंबर १९६८ मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या दारात नेऊन दिल्या. काही झालं नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी आली, तेव्हा लोकांनी वाहतूकमंत्र्यांच्या नावाने चक्क शवपेटी तिच्यात चढवली! पुढे न्यूकॅसलटनला गावकऱ्यांनी फाटकच अडवलं. तिथल्या पाद्रींना अटक झाली. गाडीत खासदार डेव्हिड स्टील होते. त्यांनी मध्यस्थी करून पाद्रींना सोडवलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

२०१५ मध्ये एडिंबरो ते ट्वीडबँक ही साधारण ३० मैलांची लाईन पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात रुळांच्या जागेवर घरं उभी राहिली होती, बायपास आडवा गेला होता. रूळ उखडले तरी जागा विकू नये, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. हॉइकला आजही गाडी नाही. स्टेशनच्या जागी पोहण्याचा तलाव आहे.

सेमिनारला सरांनी विचारलं, "तू असतीस तर चालू ठेवली असतीस?" मी म्हटलं, "हॉइकपर्यंत हो सर, पुढे नाही." न्यूकॅसलटनच्या फाटकावर उभं राहून हे सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही.