चाकावरील काळा थर : एक विज्ञानपाठ

लोखंडाचे गंजणे शिकविताना आपण बहुधा खिळ्याचे उदाहरण देतो. मोटारीचे न धुतलेले चाक हे त्याहून बोलके उदाहरण आहे.

थराचे स्वरूप : ब्रेक दाबला असता पॅड बिडाच्या तबकडीवर घासते. दोहोंची झीज होऊन लोखंडाचे तप्त, सूक्ष्म कण उडतात व चाकास चिकटतात. चाक महिनोन्‌महिने धुतले नाही, तर हे कण ओलाव्याने तेथेच गंजतात. म्हणून नुसत्या पाण्याने थर निघत नाही.

कृती : चाक थंड असावे व हातात रबरी मोजे असावेत. कोरडी धूळ झाडू अगर फुंकू नये, कारण ती श्वासावाटे फुप्फुसांत जाते; जुन्या ब्रेकांत ॲस्बेस्टॉसही असू शकते. प्रथम भरपूर पाणी ओतावे. नंतर साबणाचे पाणी व मऊ ब्रश वापरावा. उरलेल्या डागांवर लोहकण काढणारे तयार द्रावण लावावे. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते. वाळण्यापूर्वी ते धुऊन टाकावे. तारेची घासणी व तीव्र आम्ल यांनी ॲल्युमिनियमचे चाक खराब होते. शेवटी गाडी सावकाश चालवून ब्रेक तपासावा.

वर्गात : साबणाने धुतानाचे काळे पाणी काचेच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावावे. बाहेरून लोहचुंबक धरताच काळे कण तिकडे सरकतात. ते कोठून आले, हे मुलांनाच शोधू द्यावे.

सूचना : धुण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. गुरुजींची गाडी धुणे हा विद्यार्थ्यांचा अभ्यास नव्हे.