ट्रायकोमोनासचा संसर्ग : तक्रार नसलेले रुग्ण

‘अंगावर पांढरे जाते’ ही तक्रार न ऐकलेला वैद्य विरळाच. तथापि तक्रार किती जणी सांगतात यावरून रोगाचा प्रसार मोजू गेल्यास फसगत होते.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रीरोगविषयक तक्रार ५५ टक्के स्त्रियांची होती. प्रत्यक्षात एक वा अधिक विकार ९२ टक्के स्त्रियांत आढळले. त्यांतील निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. अशी तपासणी पूर्वी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के! (यांतील सर्वच संसर्ग लैंगिक संबंधातून येत नाहीत, हा भेद न केल्यास रुग्णेवर अन्याय होतो.)

लैंगिक संबंधातून येणाऱ्या, पण पूर्ण बऱ्या होणाऱ्या संसर्गांत ट्रायकोमोनासचे प्रमाण मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटात जगभर त्याचे सुमारे १५.६ कोटी नवे संसर्ग झाले, क्लॅमिडियाचे १२.९ कोटी आणि परम्याचे ८.२ कोटी. फेसाळ, पिवळसर-हिरवट, दुर्गंधी स्राव व कंडू हे ग्रंथोक्त चित्र थोड्याच रुग्णांत दिसते. बहुसंख्यांना, विशेषतः पुरुषांना, काहीच जाणवत नाही.

चरकाचार्यांनी अचरणा योनिव्यापदात अस्वच्छतेमुळे होणारे जंतू व कंडू सांगितले आहेत. दोन्ही एकच मानण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. तेथे हेतू अधावन आहे. येथे परजीवी जोडीदाराकडून येतो. म्हणूनच योनिधावनाने किंवा लोध्रासवाने स्राव उणावला, तरी परजीवी गेला असे समजू नये. गर्भिणीत या संसर्गाचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळतो, आणि एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही त्याने वाढतो.

औषधविक्रेत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आणून द्यावीशी वाटते. मेट्रोनिडॅझोल शेड्यूल एचमध्ये आहे. चिठ्ठीविना दिलेल्या चार गोळ्यांनी पत्नीला तात्पुरते बरे वाटते, पतीवर उपचार होत नाहीत आणि काही आठवड्यांनी तीच स्त्री पुन्हा दुकानात येते.

स्रावाचा थेंब सलाइनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तत्काळ पाहावा; विलंब झाल्यास परजीवीची हालचाल थांबते व तो ओळखू येत नाही. तो दिसला नाही म्हणून संसर्ग नाही, असेही ठरत नाही. शंका उरल्यास पती-पत्नी दोघांनाही शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवावे.