दुसरी किल्ली कुणाकडे?

घरात वाय-फायचा राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करण्याचं धाडस जो दाखवतो, तो कायमचा घरचा इंजिनियर ठरतो. आमच्याकडे तो मान माझा. त्यामुळे आईच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या आणि न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाच्या खात्यांना 'टू-फॅक्टर' बसवायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात पडलं. एका रविवारी उरकेल असं वाटलं होतं. कुठलं बटण दाबायचं हे हल्ली कुठलंही पोर सांगेल. बटणं दाबताना जे कळत गेलं, तेवढंच इथे मांडतोय.

१. ज्याच्या नावाने आपण बिचकतो, ते आपण कधीपासूनच करत असतो. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला नको तुझी ती दोनदोन कुलपं." आणि संध्याकाळी भाजीवालीकडचा कोड स्कॅन करून, पिन टाकून, मेथीच्या जुडीचे पैसे चुकते करून आली. यूपीआयमध्ये फोन आणि सिम आधीच आपल्या नावाशी बांधलेले असतात. ॲप पहिल्यांदा सुरू करताना आपल्याच नंबरवरून एक एसएमएस जातो, तो त्यासाठीच. त्यावर पिन. एक गोष्ट हातातली, दुसरी डोक्यातली. ऑनलाइन कार्ड वापरताना जादा पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम तर १ ऑगस्ट २००९ पासूनचा. आईला मी बँकेच्या लॉकरचा दाखला दिला: एक किल्ली आपली, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बँकेचा माणूस जेवायला गेला असला की?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढचे कितीतरी दिवस मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

२. सुरुवात बँकेपासून नाही, ईमेलपासून करायची असते. पैसे बँकेत म्हणून सगळे तिकडे धावतात. पण 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवून बघा, जवळजवळ प्रत्येक वाट शेवटी ईमेलच्या इनबॉक्सात जाते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीचं निम्मं घर. मेव्हण्याच्या खात्यात शिरलो, तर 'रिकव्हरी'चा नंबर म्हणून त्याच्या जुन्या नोकरीतला, कधीच परत केलेला मोबाइल नंबर. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. म्हणजे लातूरमधला किंवा लखनौमधला कुणी अनोळखी गृहस्थ, त्याला स्वतःला पत्ता नसताना, आमच्या मेव्हण्याचा राखणदार होऊन बसलेला असू शकतो. मेव्हणा म्हणाला, "असू दे की, भला माणूस असेल." त्याच्या स्वभावाला औषध नाही. नंबर मात्र बदलला.

३. फोनला रेंज नसली तरी कोड येतो. खरं तर तो 'येत' नाहीच, आणि या गोष्टीचा मला अजून अचंबा वाटतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले ते सहा आकडे कुठूनतरी धाडले जातात अशी माझी पक्की समजूत होती. कसारा घाटात गाडी बोगद्यात शिरल्यावर मी मुद्दाम ॲप उघडून बघितलं. आकडे बिनधास्त बदलत होते. झालेलं असतं असं: सुरुवातीला आपण जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. तिची एक प्रत आपल्या फोनात, एक तिकडच्या सर्व्हरमध्ये. १ जानेवारी १९७० पासून किती अर्धी मिनिटं उलटली याचा हिशेब दोघेही आपापल्या घड्याळावरून करतात, तो आकडा आणि ती किल्ली एकाच गणिती चरकातून काढतात, आणि दोघांच्या हाती तेच सहा आकडे पडतात. मधे बोलणं काहीच नाही. म्हणून फोनचं घड्याळ 'ऑटोमॅटिक'वरच ठेवायचं. काही जण घरातून वेळेवर निघता यावं म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात, त्यांचा कोड दरवेळी चुकतो.

शेवटच्या काही सेकंदांत ते आकडे लाल होतात आणि माझ्या वयाच्या माणसाची बोटं आणखीच अडखळतात. मी चष्मा सावरेपर्यंत आकडे बदललेले. पुढे कळलं की नुकत्याच सरलेल्या अर्ध्या मिनिटाचा कोडही बरेच सर्व्हर चालवून घेतात. नियम लिहिणाऱ्यांत कुणीतरी चष्मेवाला असणार. मात्र तो चौकोनी कोड म्हणजेच किल्ली, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट काढून 'पुढे लागेल' म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आमच्या ग्रुपवर ते कुणी केलं हे सांगत नाही. तो भला माणूस आहे.

४. एसएमएसचा ओटीपी सगळ्यांत कच्चा, हे खरं. म्हणून तो टाकाऊ, हे खरं नाही. जाणकार मंडळी एसएमएसला नाकं मुरडतात. कारणही आहे. चोर खोटी कागदपत्रं दाखवून आपल्या नंबरचं दुसरं सिम काढतो, आपली रेंज अचानक गुल होते आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. म्हणूनच नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याची पद्धत आली. आईचं सिम बदललं तेव्हा दुकानातल्या पोराने बजावलं होतं, "काका, उद्या या वेळेपर्यंत ओटीपीचं काम काढू नका." रिझर्व्ह बँकेनेही १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत दोन घटकांची सक्ती ठेवली, पण एसएमएसशिवायच्या वाटाही मोकळ्या केल्या. हे सगळं मान्य. तरी आईच्या ईमेलला मी एसएमएसच ठेवला. ॲप शोधून, उघडून, अर्ध्या मिनिटात आकडे टिपणं तिला जमेल, पण ती ते करणार नाही. ज्या कुलपाचा कंटाळा येतो ते उघडंच राहतं.

५. भावाच्या खात्यातला दुसरा घटक आई निघाली. परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या घरी हे असतंच: फ्रिजवर एक जुना फोन, त्यात त्याचं इकडचं सिम, आणि ते जिवंत राहावं म्हणून वेळेवर मारलेला रिचार्ज. बँकेचा ओटीपी तिथे येतो. न्यू जर्सीत उन्हाळ्यातले रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा. आई चहा टाकून उभी असते. भावाचा फोन येतो, "आई, आत्ता आला असेल बघ." आई चष्मा लावून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून वाचते, "अठ्ठेचाळीस… त्र्याहत्तर… एकोणसाठ." तिकडून घाबरा आवाज, "एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन?" आई म्हणते, "शाळेत पाढे पाठ केले असतेस तर…" आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते.

गंमत बाजूला ठेवू. 'ओटीपी कुणालाही सांगायचा नाही' असं आईला पढवणारे आम्हीच, आणि तिच्याकडून पहाटे फोनवर ओटीपी वदवून घेणारेही आम्हीच. हे मी तिला जरा चाचरतच बोललो. ती म्हणाली, "अरे, मी कुठे त्याच्या फोनवर सांगते? आधी ठेवून देते. मग माझ्या फोनवरून मीच त्याला लावते आणि मग वाचते." आलेल्या फोनवर विश्वास न ठेवता आपल्याकडे जपलेल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करायचा, याहून चांगला सल्ला बँकाही देत नाहीत. तिला तो कुणी शिकवला नव्हता. लँडलाइनच्या काळात कुणीही उठून 'तुमचा मुलगा बोलतोय' म्हणायचं, तेव्हापासूनची ही खोड. त्या दिवसापासून घरच्या इंजिनियरचा भाव थोडा उतरला आहे.

६. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि नेमका तोच कुणी लावत नाही. २०१७ पासून ही सोय सगळ्यांना आहे. सोसायटीतल्या एका काकूंना ओळखीच्याच नंबरवरून निरोप आला: 'चुकून माझा कोड तुमच्याकडे गेलाय, जरा पाठवता?' त्यांनी भिडेखातर पाठवला. तासाभरात काकूंच्या नावाने अख्ख्या सोसायटीकडे पैशांची मागणी. पिन असता तर नुसत्या कोडवर गाडी पुढे सरकली नसती. अधूनमधून ॲप तो पिन मुद्दाम विचारतं, म्हणून लोक वैतागतात. आपण विसरू नये म्हणूनच ते विचारतं. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, ग्रुपवर सहानुभूती गोळा करत बसायचं नाही.

७. 'बॅकअप कोड' कागदावर लिहून ठेवणं मागासलेपण नाही. गूगल एकदम १० कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. मित्राने ते काळजीपूर्वक सेव्ह केले होते, त्याच फोनात. फोन दादरच्या गर्दीत गेला आणि कोडही त्याच्यासोबत गेले. ऑथेंटिकेटरचं तेच. गूगलच्या ॲपमध्ये २०२३ पर्यंत खात्याशी जोडून ठेवायची सोयच नव्हती. आता आहे, पण जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी नव्यावर सगळं उतरलं की नाही हे पाहावंच लागतं. आमचे कोड आता रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिस्या आणि आईच्या जन्मदाखल्याबरोबर पत्र्याच्या पेटीत असतात. बँकेचा माणूस जेवायला गेलाच, तर पेटी आहे.

८. चोराचा विचार सगळे करतात, माघारी राहिलेल्यांचा फारसा कुणी करत नाही. काका गेले तेव्हा त्यांचा फोन काकूंच्या हातात होता आणि कुलूप इतकं चोख की काकूंना विजेचं बिलही भरता येईना. खातं काकांच्या ईमेलवर, ईमेल फोनवर, फोन बोटाच्या ठशावर. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' २०१३ पासून आहे: आपण ठरवलेले काही महिने खातं निपचित पडून राहिलं की आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं. आयफोनवर २०२१च्या शेवटापासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. बँकेतल्या पैशांसाठी नॉमिनी वेगळा लावायचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मी हे सगळं भरायला बसलो आणि 'विश्वासू व्यक्ती' या रकान्यात बायकोचं नाव टाकलं. तिने शेजारून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मला हे तू गेल्यावर कळणार? आत्ता का नाही?" यावर मी खाजगीपणावर चार शब्द बोललो, ते तिला पटले नाहीत, आणि मलाही फारसे पटले नाहीत. शेवटी एका पाकिटावर तडजोड झाली. त्यात ईमेलचा पासवर्ड आहे, दोन बॅकअप कोड आहेत, आणि कुठल्या बँकेला कुठला नंबर जोडलाय याची यादी आहे. पाकीट तिच्या कपाटात आहे. माझ्या फोनचा पिन त्यात अजून गेलेला नाही. तो आधी बदलतो आणि मग देतो, असं मी सांगितलंय. ती दर आठवड्याला विचारते.