गाठ दुखत नसली तरी दाखवा : कोऱ्हाळ्याच्या लेकी-सुनांसाठी कानमंत्र

लेकींनो, सुनांनो, आपल्या कोऱ्हाळे बुद्रुकात बाईचं दुखणं उसाच्या तारखा बघून दवाखान्यात जातं. “लागण उरकू दे.” “तोड येऊन जाऊ दे.” “कारखान्याचं बिल जमा होऊ दे, मग बघू.” गुडघ्याचं दुखणं असं पुढं ढकललं तर एक वेळ चालतं. स्तनातली गाठ मात्र गळीत हंगाम संपायची वाट बघत नाही.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर आज सगळ्यांत पुढं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्यानं झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं गेल्या. लवकर सापडला तर हा आजार बरा होतो. आपल्याकडं घात होतो तो उशिरानं. मी आरोग्यसेविका म्हणून वाड्यावस्त्या फिरले. त्यातून जे कळलं ते सांगते, पदराला गाठ मारून ठेवा.

१. “दुखतंय का?” हा प्रश्न सोडा, “नवीन आहे का?” हे बघा

कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. कामात खोळंबा होत नाही, ताप नाही, म्हणून बाई गप्प राहते. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन ठणकतात. ते हार्मोन्समुळं होतं आणि पाळी झाली की ओसरतं. म्हणून दुखण्यावर निवाडा करू नका.

पुढच्यातलं काहीही दिसलं तर दाखवायचंच : स्तनात किंवा काखेत नवीन गाठ. आधी नीट असलेलं बोंड आत ओढलं जाणं. बोंडातून आपोआप रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणं. बोंडावर बरी न होणारी खाज, खपली. कातडीवर खळी पडणं, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची होणं. एकच बाजू अचानक मोठी, लाल, गरम होणं.

घाबरूनही जाऊ नका. दहातल्या आठेक गाठी साध्याच निघतात. तरण्या पोरींमध्ये बोटाखालून सटकणारी फायब्रोअॅडिनोमाची गाठ असते, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ असते. पण साधी कुठली आणि वाईट कुठली, हे सासूनं, जावेनं किंवा मी चाचपून ठरवायचं नसतं.

२. आपलं अंग आपल्याला ओळखीचं हवं

पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी, सूज उतरली की, अंघोळीच्या वेळी बघा. ज्यांची पाळी गेली आहे त्यांनी दर संकष्टीला बघावं, म्हणजे तारीख विसरत नाही. आधी आरशासमोर हात खाली, मग हात वर, मग कमरेवर दाबून. आकार, कातडी, बोंड यांत काही बदल आहे का? मग उजवा हात डोक्यामागं घ्या आणि साबण लावलेल्या डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांनी उजवी बाजू तपासा. बोटांची टोकं खुपसू नका, बोटांच्या सपाट पेरांनी छोटी वर्तुळं करत जा. आधी हलकं, मग जरा दाबून, मग फासळी लागेपर्यंत. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, आणि शेवटी काख. काख बऱ्याच जणी विसरतात. मग दुसरी बाजू. चिमटीत धरून बघाल तर प्रत्येक ठिकाणी गाठच वाटेल, म्हणून चिमटी नको.

या घरच्या तपासणीनं कॅन्सर टळत नाही आणि ती डॉक्टरच्या तपासणीची जागाही घेत नाही. रोजचं काय आणि नवीन काय, एवढं समजतं. तेवढं पुरे.

३. आशाताईला उंबऱ्यावरून परत पाठवू नका

टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासले. मोठं यंत्र नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रेही नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष आला : पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, म्हणून तरुण पोरींनी बदल दिसला की तपासणीच्या फेरीची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठायचा.

आशाताई ज्यासाठी बोलवायला येते, त्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासतात. मिश्री लावणाऱ्यांनी तर तोंडासाठी आधी जावं.

४. कारण शोधताना बाईला दोष देऊ नका

मार लागल्यानं, ब्रा घातल्यानं, कुणाची नजर लागल्यानं किंवा करणीनं हा कॅन्सर होत नाही. तो शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. आजारी बाईचं ताट-वाटी वेगळी काढू नका आणि तिचं लेकरू तिच्यापासून लांब ठेवू नका.

स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनचा अंमल जितकी जास्त वर्षं, तितका धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी फार लवकर येणं, पंचावन्नच्या पुढं जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं यांत धोका जास्त. पाळी गेल्यावर हे हार्मोन अंगातल्या चरबीत तयार होतं, म्हणून त्या वयात सुटलेलं वजन घातक. दारूही धोका वाढवते. अंगावर पाजल्यानं धोका घटतो : ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा हिशोब २००२ साली मांडला गेला, त्यात सगळ्या मुलांचं मिळून दर बारा महिने पाजण्यामागं धोका सुमारे ४ टक्क्यांनी कमी दिसला.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथं हा कॅन्सर मुंबई-पुण्यापेक्षा बराच कमी आढळत आला. पण खेड्यातलं जगणंही आता बदललं आहे. लग्नं उशिरा, मुलं एक-दोन, खुरपणापेक्षा बैठं काम जास्त. तेव्हा “हा शहरातल्या बायकांचा आजार” असं म्हणून निर्धास्त राहू नका.

घराण्यातून येणारा दोष शंभरातल्या पाच-दहा जणींतच असतो. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा. लेकीची सोयरीक मोडेल म्हणून हे लपवलं, तर नुकसान लेकीचंच होतं.

५. पंधरा दिवसांच्या वर थांबायचं नाही

गाठ लागली आणि पंधरा दिवसांनंतरही राहिली, तर त्याच आठवड्यात दाखवा. पाळी गेलेल्या बाईनं तेवढंही थांबू नये. अंगावर पाजणाऱ्या सुनेला दूध साचून गाठ होते, लालीही येते. औषध घेऊन दोन आठवड्यांत ती विरघळली नाही तर सोनोग्राफी करा. “दुधाची गाठ आहे” म्हणत सहा-सहा महिने काढलेल्या मी पाहिल्या आहेत.

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून बारामतीला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. पुढची गरज पडली तर पुण्याचं ससून, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, किंवा परळचं टाटा. बाई डॉक्टर नाही म्हणून तपासणी टाळू नका. नर्सला किंवा सोबतच्या बाईला आत उभी राहू द्या, असं बेधडक सांगा.

लेप, जडीबुटी, मंतरलेला धागा यांच्या नादात महिने जातात. दोन सेंटीमीटरची गाठ तेवढ्यात काखेत पोचते.

६. आधी तपास, मग चाकू

“छोटी गाठ आहे, काढून टाकू,” असं कुणी म्हटलं तर थांबा. तपास तीन पायऱ्यांचा असतो : हाताची तपासणी, मग चित्र, मग सुईनं काढलेला तुकडा. चाळिशीच्या आत बहुधा सोनोग्राफी, कारण तरुण स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. पुढच्या वयात मॅमोग्राफी. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो, कळ येते आणि जाते.

सुईची भीती सगळ्यांत मोठी. तिथं काय होतं ते ऐका. आधी जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. मग जाड सुईचं छोटं यंत्र लावतात, त्याचा खटका मोठ्यानं वाजतो. अंग दचकतं ते त्या आवाजानं. दोऱ्याएवढा बारीक तुकडा निघतो, असे चार-पाच घेतात आणि बाटलीत घालतात. वर पट्टी लावली की संध्याकाळी घरी. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे खोटं आहे.

त्या तुकड्यावरच ‘ईआर’, ‘पीआर’ आणि ‘हर-टू’ या तपासण्या होतात. कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरतं. सगळे कागद, तुकड्याच्या काचा आणि मेणाचे ठोकळे एका पिशवीत ठेवा. मोठ्या रुग्णालयात तेच पुन्हा मागतात.

७. उपचार अर्ध्यावर सोडायचे नाहीत

गाठ लहान असेल तर स्तन वाचवून फक्त गाठ काढता येते. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिओथेरपी, घ्यावाच लागतो. अशा बायका सगळा स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस-वीस वर्षांच्या पाहणीतून २००२ साली स्पष्ट झालं. तेव्हा “स्तन ठेवता येईल का?” असं विचारायला लाजू नका. काढावाच लागला, तर कपड्याच्या आत बसणारा कृत्रिम स्तन मिळतो.

केमोथेरपी बहुधा तीन-तीन आठवड्यांनी असते. दोन-तीन आठवड्यांत केस जातात आणि केमो संपल्यावर परत येतात. शेक साधारण तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतो, म्हणून मुक्कामाची सोय आधी बघा. टाटाला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची. बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नका, आणि ती चालू असताना गर्भ राहू देऊ नका. ‘हर-टू’ पॉझिटिव्ह आला तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं साधारण वर्षभर.

आजार स्तनापुरता असताना उपचार पुरे झाले, तर शंभरातल्या नव्वदच्या आसपास जणी पाच वर्षांनंतरही असतात. हाडं, फुप्फुस, यकृत यांत पसरल्यावर तो समूळ जात नाही, पण औषधांनी वर्षं आणि आराम दोन्ही मिळतात.

८. केमोच्या दिवसांत घरानं काय करायचं

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की घरची गोळी देऊन झोपवू नका, रात्र असली तरी रुग्णालयात न्या. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधं इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. पाणी उकळून, जेवण ताजं, कच्चं-उघड्यावरचं नको. मटकीची उसळ, वरण, अंडी, दूध, थोडं थोडं पण वारंवार. “साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो” म्हणून बाईचा घास तोडू नका. तिला ताकद हवी.

९. ऑपरेशनच्या बाजूचा हात सांभाळा

काखेतल्या गाठी काढल्या की हातातला पाण्याचा निचरा मंदावतो आणि हात सुजू शकतो. आपल्या शेतात हे जास्त जपावं लागतं, कारण उसाचं पान हाताला कधी कापून जातं ते कळतही नाही. पाचटात हात घालताना हातमोजे आणि लांब बाह्या. कापलं तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. भिंतीवर बोटांनी हात वर चढवायचा व्यायाम सांगतील तो रोज करा, नाहीतर खांदा धरतो. वैरणीचा भारा हळूहळू, विचारून.

१०. पैशापायी थांबू नका

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया, केमो आणि शेक त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेल्या गेल्या तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, आधी पैसे भरून नंतर विचारू नका. हेल्पलाइन १५५३८८. योजना सगळ्या महाराष्ट्राची आहे, म्हणून बीडकडून तोडीला आलेल्या बाईलाही गावी जाईपर्यंत थांबायची गरज नाही.

११. आणि घरातल्या पुरुषांनो

शंभर रुग्णांमागं एखादा पुरुषही असतो, तेव्हा बोंडामागं कडक गाठ लागली तर तुम्हीही दाखवा. बायको गाठीचं बोलली, की “बघू” म्हणू नका. मोटारसायकल काढा.

गावात तपासणीची पुढची फेरी येईल तेव्हा नुसतं स्वतः जाऊ नका. जावेला, शेजारणीला आणि कारखान्याच्या कोपीत राहणाऱ्या त्या परगावच्या बाईलाही बरोबर घेऊन जा.