रेषेचा श्रीगणेशा : घरबसल्या, परंतु एकट्याने नव्हे

चित्रकला ही उपजत देणगी असून ती ज्याला लाभली त्यालाच साधते, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. ‘माझा हात वळत नाही’ असे म्हणून अनेकजण शाळेतच पेन्सिल खाली ठेवतात. उणीव जाणवते ती पुढे. पंचनाम्याला नजरी नकाशा जोडावयाचा असतो, फळ्यावर फुलाचा उभा छेद काढावयाचा असतो, नियोजित बंधाऱ्याची जागा ग्रामसभेस समजावून द्यावयाची असते. अशा वेळी शब्द अपुरे पडतात आणि हात अडखळतो. प्रस्तुत लेखकाचीही वयाच्या चाळिशीपर्यंत हीच स्थिती होती.

चित्रकलेचे शिक्षण आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. इर्शाद करीम यांनी सुरू केलेली ‘ड्रॉ अ बॉक्स’ ही इंग्रजी पाठमाला या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिला लागते ते बारीक टोकाचे शाईचे पेन आणि साधे कागद. शाईची रेघ खोडता येत नाही. म्हणून ती ओढण्यापूर्वी विचार करण्याची सवय लागते.

पहिला पाठ : रेषा

पट्टीने एक रेघ आखावी व तिच्यावरूनच मोकळ्या हाताने आठ वेळा रेघ ओढावी. नंतर कागदावर दोन बिंदू द्यावेत. पेन कागदाला न टेकवता एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत हात काही वेळा फिरवावा आणि मग न थबकता रेघ ओढावी. हात मनगटातून नव्हे, तर खांद्यातून हलवावा. त्यानंतर लंबवर्तुळे व खोकी यांचा सराव येतो.

अडीचशे खोकी

या पाठमालेतील एका सरावात 250 खोकी काढावयाची असतात. रेल्वेचे रूळ दूर जाताना एकमेकांजवळ येत असल्यासारखे दिसतात; खोक्याच्या समांतर कडांचेही तसेच होते. काढलेल्या कडा निराळ्या रंगाच्या पेनाने मागील दिशेस वाढवल्या, की त्या एकमेकींजवळ येतात की फाकतात, हे तत्काळ दिसते. यथार्थदर्शनाचा हा पाया पक्का झाल्यावर वनस्पती, कीटक, प्राणी, नित्याच्या वस्तू व वाहने असा क्रम आहे. चित्र काढण्याच्या वेळेपैकी निम्मा वेळ केवळ स्वतःच्या आनंदासाठी द्यावा, हाही येथील एक नियम होय.

सहाध्यायींचे महत्त्व

तथापि, पाठ विनामूल्य मिळाला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. लेखकाने मोठ्या समाधानाने काढलेली पहिली पन्नास खोकी मागील बाजूस रुंदावत होती. ही चूक त्याला स्वतःला दिसली नाही. ती दाखवून दिली बरोबर शिकणाऱ्या एका अपरिचित सहाध्यायीने. स्वतःच्या चुकीला आपली नजर सरावते. शिवाय दुसऱ्याचे काम तपासताना आपलीही नजर तयार होते. या पाठमालेतही शिकणारेच एकमेकांचे काम पाहून सूचना देतात.

गावात काय करता येईल?

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी राज्यातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना चित्रकलेची गोडी लावली आहे. परंतु जेथे कलाशिक्षक नाही, तेथील मुलाने काय करावे? इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकाने एकेक पाठ प्रथम स्वतः करून पाहावा व मराठीतून समजावून द्यावा. पंचायतीने वाचनालयात आठवड्यातून एक तास जागा व कोरे कागद उपलब्ध करून द्यावेत. मुलांनी व मोठ्यांनी वह्यांची अदलाबदल करून एकमेकांची खोकी तपासावीत. चूक दाखवताना चित्राविषयी बोलावे, काढणाऱ्याविषयी नव्हे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

अनुभवी कलाशिक्षकाची जागा अशा पाठांना घेता येणार नाही, हे उघड आहे. मात्र ‘हात वळत नाही’ या समजुतीने कोणा मुलाची पेन्सिल कायमची खाली पडू नये, इतके तरी त्यांमुळे निश्चित साध्य होईल. प्रारंभ आजच, दोन बिंदूंपासून करता येईल.