ताटातील लिंबाची फोड व कुटुंबाचे आरोग्य

गेल्या उन्हाळ्यात श्रीगोंदे तालुक्यातील एका लिंबू बागायतदाराकडे बाग पाहण्यास जाण्याचा योग आला. हस्त बहाराची फळे उतरवून गोण्या बाजारपेठेस रवाना झाल्या होत्या. दुपारी जेवावयास बसलो, तेव्हा पानात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ व कांदा होता. लिंबाची फोड मात्र नव्हती. "भाव चांगला आला साहेब, घरी एकही ठेवलं नाही," असे यजमानांनी हसत सांगितले. त्याच घरातील सुनेस रक्तक्षयासाठी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या चालू होत्या व ती त्या चहाबरोबर घेत असे. लिंबाच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबास लिंबाचा हा उपयोग ठाऊक नसावा, याचा दोष त्या कुटुंबापेक्षा आम्हा विस्तार कार्यकर्त्यांकडे अधिक जातो. बहार कसा धरावा हे आम्ही सांगितले. फळ घरात का ठेवावे हे सांगावयाचे राहिले.

रक्तक्षय व लिंबू

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के व महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. थकवा, धाप लागणे, चेहरा फिकट पडणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची उणीव हे त्यांतील प्रमुख कारण होय.

आपल्या आहारात लोह मुळीच नसते असे नाही. बाजरी, कडधान्ये व पालेभाज्या यांत ते असते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. धान्यातील फायटेट व चहातील टॅनिन ही द्रव्ये त्यास अडवून धरतात. लिंबाच्या रसातील 'क' जीवनसत्त्व व सायट्रिक आम्ल यांच्या योगाने हे लोह विरघळलेल्या स्थितीत राहते व आतड्यांत अधिक प्रमाणात शोषले जाते. मात्र ही क्रिया घडण्यास लिंबू व लोह एकाच वेळी पोटात जावयास पाहिजे. म्हणूनच सकाळी घेतलेल्या सरबतापेक्षा जेवणात पिळलेली फोड या कामी अधिक उपयुक्त ठरते.

साठवलेल्या रसाचा धडा

लिंबूवर्गीय फळांच्या गुणाची पद्धतशीर परीक्षा प्रथम समुद्रावर झाली. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा उघडत व अनेक जण दगावत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील वैद्याने बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्री व लेमन जातीची फळे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. पुढे आरमारात लेमनचा रस देण्यात येऊ लागला. एकोणिसाव्या शतकात त्याऐवजी वेस्ट इंडिज बेटांतील, आपल्या कागदी लिंबाच्याच जातीच्या फळांचा साठवलेला रस देण्यात आला. त्यात 'क' जीवनसत्त्व मुळात कमी, आणि साठवणीत ते आणखी नष्ट होई. परिणामी काही सफरींत स्कर्व्ही पुन्हा उद्भवला. आपण यातून एवढेच घ्यावयाचे की, लिंबू ताजे कापून लगेच वापरावे.

किती अपेक्षा धरावी?

कागदी लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात 'क' जीवनसत्त्व साधारणतः ३० मिलिग्रॅम असते. एका मध्यम फळातून तीन-चार चहाचे चमचे रस निघतो, म्हणजे पाच-सहा मिलिग्रॅम जीवनसत्त्व मिळते. प्रौढ स्त्रीस रोज ६५ मिलिग्रॅमची गरज असते. केवळ लिंबाने ही गरज भागणार नाही. आवळा व पेरू यांत हे जीवनसत्त्व कितीतरी अधिक असल्याने हंगामात तीही फळे घरात आली पाहिजेत. लिंबाचे महत्त्व असे की, ते बहुतेक वर्षभर मिळते व प्रत्येक जेवणास चालते.

रक्तक्षय जडला असल्यास लिंबू हे औषध नव्हे. तपासणी करून घ्यावी व डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात. लिंबू त्यास साहाय्य करते, त्यांची जागा घेत नाही.

वापर कसा करावा?

१. वरण, उसळ किंवा पालेभाजी चुलीवरून उतरवल्यावर, शक्यतो ताटात वाढल्यावरच, लिंबू पिळावे. उष्णतेने 'क' जीवनसत्त्वाचा नाश होतो.

२. जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा घेऊ नये. लोहाची गोळी चहा वा दुधाबरोबर न घेता पाण्याबरोबर अथवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी.

३. रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आम्लामुळे धातू रसात उतरतो. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे.

४. मुरलेले लोणचे चवीस उत्तम. परंतु ताज्या लिंबाचे गुण त्यात राहत नाहीत.

५. उन्हात काम करणाऱ्यांनी मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे. जुलाब होत असल्यास मात्र जलसंजीवनीच द्यावी.

६. लिंबू दातांनी चोखण्याची सवय लावू नये. दातांचे कवच झिजते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण बेताचे ठेवावे.

परसातील एक झाड

ज्यांची बाग नाही त्यांनी परसात कागदी लिंबाचे एक झाड अवश्य लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली साई सरबती ही जात चांगली आहे. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावे. पावसाळ्याच्या आरंभी, पाणी न साचणाऱ्या जागी, सुमारे पाऊण मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणखत व चांगली माती भरून ते लावावे. पाणी आळ्यात द्यावे, बुंध्यास लागू देऊ नये. अन्यथा डिंक्या रोगाचा संभव असतो. साधारणतः चौथ्या वर्षापासून फळे मिळू लागतात. घरच्या झाडास ताण देऊन एकच बहार धरण्याची गरज नाही. ते आपल्या क्रमाने थोडी थोडी फळे देत राहते व घरास तेच हवे असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लिंबाच्या बागेस भेट देताना घरातील ताटाचीही चौकशी करावी. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्या साहाय्याने ही माहिती स्त्रियांपर्यंत पोहोचवावी. बागायतदारांस एवढेच सांगणे की, भाव कितीही चढो, गोणी शिवण्यापूर्वी घरच्या माणसांची लिंबे बाजूस काढावीत. त्यांत घरातील सुनेचा वाटा विसरू नये.